हातात उरलेला खडा

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या आधीच माफ कराव्यात. कुणी वाचणार नाही म्हणूनच लिहायला बसले आहे. पण चुकून ही वही कुणाच्या हाती लागली, तर माझ्या अक्षराला हसू नये. मी चौथी शिकले. पाचवीची शाळा शेजारच्या गावात होती आणि मधे ओढा होता, तिथं माझी शाळा संपली. अक्षर असं, की किराणावाल्याला यादी दिली तर तो मलाच वाचून दाखवायला लावतो.

लिहायचं आहे ते आमच्या पहिल्या घरमालकांबद्दल. सगळे भाडेकरू त्यांना आबा म्हणायचे. त्यांचं नाव मी लिहिणार नाही. रेशनकार्ड सोडून कुठंही आपलं नाव लिहिलेलं त्यांना खपायचं नाही. "नाव लिवलं की सापडतंय माणूस," म्हणायचे. हे भय कुठून आलं होतं, ते मला पुढं कळलं.

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला त्यांच्या चार पत्र्याच्या खोल्या होत्या. मधे अंगण आणि बाहेर पडायला एकच लाकडी फाटक. एका खोलीत आबा एकटे, एकीत शिलाई करणाऱ्या काकू आणि त्यांच्या घरची माणसं, एकीत रिक्षावाले चाचा आणि त्यांची मुलं, आणि एकीत आम्ही दोघं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आमचे हे वैजापूरकडचे, घरी शेती, पण हॉकीत चांगले म्हणून चिकलठाण्याच्या एका कंपनीनं त्यांना घेतलं होतं. नोकरी टेंपररी. कंपनीची टीम शहराच्या लीगमधे खेळायची आणि हे गोलकीपर होते.

आबा धनगराच्या घरातले. लहानपणी छावणीच्या मैदानाकडेला मेंढरं चारायचे, निजामाच्या काळात. पलटणीचे शिपाई हॉकी खेळायचे आणि बाहेर गेलेला बॉल आणून द्यायचं काम या पोराचं. एका शिपायानं जाताना त्यांना तुटकी स्टिक दिली. ती सुतळीनं आवळून त्यांनी देवळीत ठेवली होती, खंडोबाच्या टाकाशेजारी. दसऱ्याला देवाला झेंडू वाहिला की स्टिकलाही.

शहरातली एकही मॅच त्यांनी सोडली नसेल. उन्हाळ्यातसुद्धा खांद्यावर घोंगडी. ती मैदानाच्या कोपऱ्यात अंथरायची, एकाच जागी. तिथं दुसरं कुणी बसलं तर काही बोलायचे नाहीत, फक्त त्याच्या समोर जाऊन उभे राहायचे, तो उठेपर्यंत. टीमला हाक द्यायचे ती मेंढरांची. जिभेनं टकटक आणि मग लांबलचक "हिर्रर्र". नवा पंच असला तर शिट्टी तोंडात धरून बघतच राहायचा. गोलच्या जाळीला ते वाघर म्हणायचे. मेंढरं कोंडायच्या दोरीच्या जाळीला त्यांच्यात वाघर म्हणतात. आणि आमच्या ह्यांना म्हणायचे कुत्रं. मला पहिल्यांदा फार लागलं ते. मग कळलं, की कळपाच्या मागं बसून राखण करणाऱ्या कुत्र्यापेक्षा मोठी पदवी आबांच्या घराण्यात नव्हती.

पण आबांचं खरं वेड म्हणजे खडे.

मेंढपाळाला आकडे येत नसले तरी अडत नाही. सकाळी वाड्यातून एकेक मेंढरू बाहेर पडतं, तसा एकेक खडा पिशवीत टाकायचा. संध्याकाळी एकेक आत शिरतं, तसा एकेक काढायचा. पिशवीत खडा उरला, तर मेंढरू रानात राहिलं. आबा हॉकी अशीच मोजायचे. आपल्या पोरानं मारलेला बॉल आपल्याच पोराला पोचला, की एक खडा उजव्या मांडीकडून डाव्या मांडीकडं. मधे दुसऱ्यानं पळवला, तर खडा जागेवर. गोल ते मोजायचेच नाहीत.

"गोल पंच मोजतोय. त्याला त्याचाच पगार हाय. आपण दुसरं मोजू."

त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी राहायला आले तेव्हा लांबचा माणूस त्यांना नुसता ढगासारखा दिसायचा. एक दिवस मी अंगणात धुणं वाळत घालत होते, तर म्हणाले, "पोरी, चल मैदानावर. तुझे डोळे लागत्यात."

मी कशीबशी म्हणाले, "आबा, मला नाही कळत त्यातलं. आणि बायका नसतात तिथं."

"तू बोलत नाहीस म्हणून तुला घेतोय. लई बोलणाऱ्याला दिसत नसतंय."

मी डोक्यावरून पदर ओढून त्यांच्या मागं घोंगडीच्या टोकावर बसले. मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, आज मेंढी आणली का संगं?"

आबा न वळता म्हणाले, "व्हय. ही मोजती. तू चर."

सगळे हसले, आणि त्या दिवसापासून मला कुणी काही बोललं नाही. मी मोजायला शिकले. सुरुवातीच्या मॅचेसना माझी डावी बाजू भरून जायची. हे पायाच्या पॅडनं बॉल उजवीकडं मारायचे आणि तिथं कडुबा असायचा. कडुबा उजवा बॅक. तो बॉल असा थांबवायचा, जसं कुणी दारात आलेल्याला बसायला पाट द्यावा. मग शांतपणे पुढं द्यायचा. ह्यांच्याकडून कडुबाकडं, हा माझा रोजचा पहिला खडा.

कडुबा आणि हे एकाच दिवशी कंपनीत लागले होते. सायकल एकच. जाताना हे पायडल मारायचे आणि येताना तो. रेल्वेलाइनीपलीकडच्या वस्तीत आईबरोबर राहायचा. वस्तीवर निळा झेंडा होता. आम्ही खोली घेतली तेव्हा अनामत शंभर रुपये होती आणि आमच्याकडं त्यातले वीसही नव्हते. ते पैसे कडुबानं दिले, आबांच्या देखत. कधी देता, असं विचारलंही नाही.

मग विद्यापीठाच्या नावावरून पेटलं.

ते नाव दिल्यानं कुणाचं काय जात होतं, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. पण खेड्यांतून घरं जाळल्याच्या बातम्या यायला लागल्या, आणि जळत होती ती कडुबाच्या लोकांची घरं. शहरात दुकानं अर्धं शटर ओढून बसायची. कंपनीच्या बसला खिडक्यांवर जाळ्या आल्या. लांबून घोषणांचा आवाज आला, की कुठल्या बाजूच्या आहेत ते ओळखायच्या आधी काकू मशीन थांबवायच्या. मशीन थांबलं की मी दाराशी येऊन फाटकाकडं बघायची.

आबांनी तेव्हापासून आम्हाला मोजायला सुरुवात केली. दिवेलागणीला फाटकाशी घोंगडी टाकून बसायचे. चार खोल्यांची मिळून आम्ही तेरा माणसं. आत येईल त्याचा खडा पिशवीत. तेरा झाले की कडी. हे प्रॅक्टिस करून सगळ्यांत उशिरा यायचे, त्यामुळं रोज आबांच्या तळहातावर शेवटचा खडा असायचा तो ह्यांचा. मी चुलीपाशी बसून त्यांच्या हाताकडं बघायची. तो हात रिकामा होईपर्यंत भाकरी थापवायची नाही.

दंगल जरा निवल्यावर मॅचेस पुन्हा सुरू झाल्या, आणि आमची टीम हरायला लागली. एक हरली, दोन हरल्या, मग हरतच गेली. मधल्या सुट्टीत सगळ्यांना लिंबाच्या फोडींची एकच थाळी फिरायची. आता कडुबा स्वतःचं लिंबू खिशातून आणायचा आणि लांब उभा राहून चोखायचा. सायकलवर हे एकटेच यायचे. मी विचारलं तर म्हणाले, "त्याची शिफ्ट बदलली."

शिफ्ट बदलली नव्हती.

कंपनीच्या साहेबानं पोरांना उभं करून सांगितलं, की लीगमधून खाली गेलो तर टीम बंद, आणि टीम बंद झाली तर खेळासाठी घेतलेले टेंपररी घरी. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला दिवस गेलेले होते, हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं. सांगायची हिंमतच होईना.

मैदानावर मला जे दिसत होतं, तेही सांगायची हिंमत होत नव्हती. हे बॉल उजवीकडं मारतच नव्हते. कडुबा मोकळा उभा असायचा, स्टिक टेकून, आणि हे डावीकडं मारायचे. समोरच्या टीमला ते कळलं होतं. त्यांची दोन पोरं डावीकडंच दबा धरून असायची. बॉल गेला की त्यांच्याच स्टिकवर, आणि पुढच्या दमात ह्यांच्या तोंडावर परत. तेव्हा तोंडाला जाळी वगैरे नसायची. एकदा भुवई फुटली.

कारण मला माहीत होतं. गावाकडून चुलत्यांचा निरोप आला होता: शहरात कुणाच्या सायकलवर बसतोस ते इथं कळतं, आम्हाला इथं राहायचंय. आमच्या गावचा एक माणूस ह्यांच्याच खात्यात होता. दर मॅचला तो गोलच्या मागं उभा राहायचा आणि दर शनिवारी गावी जायचा. गावात कुणीतरी एका कुटुंबाला गोठ्यात लपवलं होतं, तर त्याची कडब्याची गंजी रात्रीत जळाली होती. ह्यांच्या मनात द्वेष नव्हता, हे मी आजही शपथेवर सांगेन. भय होतं. पण मोकळ्या उभ्या राहिलेल्या माणसाला दोन्ही सारखंच दिसत असेल.

तर मी काय केलं? मी खोटे खडे टाकले.

आबांना दिसत नाही, तर कशाला माझ्याच माणसाचं उणं त्यांच्या मांडीवर मांडू, असं वाटलं. ह्यांनी डावीकडं मारलेला बॉल दुसऱ्यांनी पळवला तरी मी हळूच खडा सरकवायची. असं दोन मॅचेस केलं. दुसरी मॅच आम्ही वाईट हरलो. घरी, फाटकाशी आल्यावर आबांनी डाव्या बाजूचे खडे ओंजळीत घेऊन तोलले.

"आज लई खडे आले."

मी घोंगडीची घडी घालत राहिले.

"एवढे खडे येऊन कुणी हरत नसतंय, पोरी. मला दिसत नाय. ऐकू येतंय. उजवीकडं बॉल गेला की लाकडाचा आवाज जवळ येतोय, आपल्या घोंगडीकडं. महिना झाला, त्या अंगाला आवाजच नाय." मग हात पुढं करून म्हणाले, "खोटा खडा टाकला की मेंढरू घरी येत नसतंय. नुसतं आल्यावानी वाटतंय. आता सांग."

मी रडत रडत सांगितलं. निरोप, गावचा माणूस, गंजी, सगळं. पोटातलं बाळसुद्धा सांगून टाकलं, नवऱ्याच्या आधी घरमालकाला. आबांनी खडे पिशवीत टाकले. मग म्हणाले, "जा. भाकरी टाक."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी नेहमीसारखे तेरा खडे पिशवीत गेले. हेही आले. काकू कडी लावायला उठल्या, तर आबांनी कनवटीतून अजून एक खडा काढला आणि तळहातावर धरला.

"आता हा कुणाचा?" काकू म्हणाल्या. "सगळे आलेत की."

"कडुबाचा."

"तो कुठं इथं ऱ्हातोय?"

"त्याचे शंभर रुपये इथं ऱ्हात्यात. मग माणूस बी मोजावा लागंल."

"म्हणजे कडी कधी लावायची?"

"खडा आत गेला की."

हे ओट्यावर मान खाली घालून बसले होते. आबांनी त्यांच्याकडं तोंडही वळवलं नाही. काकू भांडल्या, चाचांनी हात जोडले, पण फाटक उघडंच राहिलं. आबा मांडीवर ती सुतळीची स्टिक घेऊन तसेच बसून राहिले. त्या रात्री कुणीच धड झोपलं नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. त्यात क्रांती चौकाच्या बाजूनं गलका ऐकू यायला लागला. कोण आहे, कुठून येतंय, काही कळेना.

चाचा म्हणाले, "आबा, फाटक लगाव ना जी. बच्चे डर रै."

"मी बी डरतोय, चाचा."

"मग म्हातारपणी हा काय हट्ट!" काकू रडकुंडीला आल्या. "आमच्या जिवावर का बेतवताय? लावा मी म्हणते!"

आबा उठले नाहीत. आणि मी, जिनं वर्षभरात त्या अंगणात मोठ्यानं एक वाक्य बोललं नव्हतं, भिंतीची सायकल काढून ह्यांच्यासमोर नेऊन उभी केली. मी म्हणाले, "तुम्ही जा. नाहीतर मी जाते."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी कुणी परकी बाई आहे. मग सायकल घेतली आणि गेले.

ते दिसेनासे झाले. मी फाटकाशी आबांच्या शेजारी बसले. आता त्यांच्या हातात दोन खडे होते. रेल्वेलाइनीपर्यंत वाट ती केवढी, पण मला वाटलं मी माणसाला आगीत ढकललं. तिकडं त्यांना कुणी दुसऱ्या बाजूचे म्हणून धरलं तर? येताना दोघांना कुणी बघितलं तर? गावी कळलं तर?

आबा एकाएकी म्हणाले, "मी एकदा कडी लावली होती. खडा हातात असताना."

"कधी?"

"रझाकाराच्या वक्ताला. गलका असाच होता. बा म्हणाला, लाव. मी लावली."

"कोण राहिलं होतं बाहेर?"

"भाऊ. धाकला."

आबा तळहातावरचे खडे अंगठ्यानं चाचपत राहिले, आहेत ना, आहेत ना, असे. मला तेव्हा कळलं, की हा माणूस इतकी वर्षं मॅच मोजत नव्हता.

अंधार पडता पडता सायकलची घंटी वाजली. पायडल कडुबा मारत होता. हे मागं बसले होते. चाचा पुढं होऊन सायकल आत घेऊ लागले, तर आबा म्हणाले, "थांब. एकेकानं." मग एक खडा पिशवीत, दुसरा खडा पिशवीत. काकूंनी धाडकन कडी लावली आणि पदर तोंडाला लावून आत निघून गेल्या.

कडुबाच्या दारात काय झालं, ते ह्यांनी मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. कडुबा उंबऱ्यातच उभा होता. म्हणाला, "पैसे द्यायला आलास का बोलवायला?" हे म्हणाले, "बोलवायला. आबा तुझा खडा हातात धरून बसलेत. पैसे अजून नाहीत." तर तो म्हणाला, "पैसे शेवटी दे. आधी बॉल दे." त्याची आई आतून ओरडली, त्या गर्दीतून कुठं निघालास. त्यानं सांगितलं, "एका म्हाताऱ्यानं मला मोजलंय, जाऊन येतो."

पुढची मॅच मला अजून स्वप्नात येते. गावचा माणूस गोलच्या मागं होताच. पहिला बॉल ह्यांच्याकडं आला. त्यांनी थांबवला. क्षणभर तसेच उभे राहिले, आणि उजवीकडं मारला. सरळ कडुबाकडं. कडुबानं स्टिक उचललीच नाही. बॉल त्याच्या पायाजवळून घरंगळत रेषेबाहेर गेला. माझा हात खड्यावर होता.

"नको टाकू," आबा म्हणाले. "ते त्याचं येणं हाय. घेऊ दे त्याला."

दुसऱ्यांदाही ह्यांनी उजवीकडंच मारला. कडुबानं तोही जाऊ दिला. मागून लोक शिव्या द्यायला लागले, दोघांनाही. समोरच्यांनी तेवढ्यात एक गोल केला. मला वाटलं आता संपलं, नोकरी गेली, खोली गेली. तिसऱ्यांदा बॉल आला, तेव्हा डावीकडं वाट मोकळी होती. तरी हे उजवीकडं वळले आणि मारला. या वेळी कडुबा वाकला. टक् असा आवाज आला, आमच्या घोंगडीच्या अगदी जवळ.

आबांनी मला विचारलंही नाही. आपल्याच हातानं खडा उचलून डावीकडं ठेवला.

ती मॅच बरोबरीत सुटली. पुढच्या दोन जिंकल्या, एक हरलो, आणि शेवटची पुन्हा जिंकली. लीगमधे राहिलो, थोडक्यात. कुणी हार घातले नाहीत, पेपरातही काही आलं नाही. भयही लगेच गेलं नाही. चुलत्यांनी दोन वर्षं आम्हाला गावात येऊ दिलं नाही. त्या हंगामात कडुबा रोज दिवेलागणीला यायचा, आत येऊन आपला खडा पिशवीत पडलेला ऐकायचा आणि मग आबा त्याला म्हणायचे, "भरला. जा आता आईकडं, तिला मोजू दे." काकू कुरकुरत एक कप चहा जास्त टाकायच्या.

विद्यापीठावर नव्या नावाची पाटी लागली, ती बघायला आबा राहिले नाहीत. त्यांनी ऑपरेशन करून घेतलं नाही, शेवटी काहीच दिसत नव्हतं. पण मैदानावर जायचे. मी एका हातानं त्यांना धरायची आणि दुसऱ्या हातानं माझ्या मुलीला. ती खडे तोंडात घालायची. ते म्हणायचे, "घालू दे. आत गेला तरी आपलाच." पिशवी त्यांनी मला दिली. ती माझ्या ट्रंकेत आहे.

पैशांचं लिहायचं राहिलं. हे दोघं एकाच महिन्यात पर्मनंट झाले. पहिल्या पगाराला मी कडुबाला सगळे शंभर देऊ केले, तर तो म्हणाला, "वहिनी, एकदम नको. दर पगाराला दहा द्या, तेवढंच माझं येणं होतं." म्हणून मी दहा खडे वेगळे काढले आणि आबांच्या रीतीनं मांडले. दर महिन्याला कडुबा यायचा, मी दहाची नोट द्यायची आणि एक खडा उजवीकडून डावीकडं सरकवायची.

शेवटच्या नोटेच्या दिवशी मी पुरणपोळी केली होती. कडुबा आईलाही घेऊन आला. त्यानं नोट घडी करून आईच्या हातात दिली. आबा फाटकाशी नेहमीच्या जागी बसले होते, नजर कुठंच नाही.

"पोरी, उजवीकडं काय उरलं?"

"काही नाही, आबा. सगळे फिटले."

"आत किती?"

मी मोजलं. चार खोल्यांची माणसं, माझी मुलगी, कडुबा आणि त्याची आई. सगळ्यांचे खडे पिशवीत होते. आबांनी दोन्ही तळहात उघडून मला दाखवले. रिकामे होते.

"मग लाव कडी," आबा म्हणाले.

मी लावली. कडुबा आणि त्याची आई आतच होती, पानावर बसलेली.